इमारत रिडेव्हलपमेंटला जातेय, भाड्याच्या घरात जागा नाही आणि आई काहीच टाकू देत नाही. सामान कसं कमी करू?

तुमच्या जुन्या घरात दोन भरलेले माळे आणि भाड्याच्या वन बीएचकेत एकही माळा नाही, इथेच सगळी अडचण आहे. डोंबिवलीची जुनी इमारत, दोन महिन्यांत जागा रिकामी करायची, तीन वर्षं बाहेर काढायची आणि वडील गेल्यापासून आई एका वाटीलाही हात लावू देत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. आमची ठाण्यातली, नौपाड्यातली सोसायटी पाडायला गेली तेव्हा सासूबाईंचं घर मी त्यांच्याबरोबर बसून आवरलं. पुढे नात्यातल्या दोन-तीन घरांना मदत केली. त्यावरून सांगते: आईंना 'हे टाकूया का' असं विचारूच नका. त्याला उत्तर 'नाही' असंच येणार. 'हे कोणाला द्यायचं' असं विचारा, आणि देणारा हात त्यांचाच असू द्या. ज्या बाईने चाळीस-पन्नास वर्षं पै-पै जोडून संसार उभा केला, तिच्या डोळ्यांदेखत तो भंगारात जाताना तिला बघवत नाही. तीच बाई भाचीच्या हातात पितळी डबा ठेवताना मात्र खूश असते.

पण त्याआधी एक कोरडं काम उरका. मेजरिंग टेप घेऊन भाड्याच्या घरी जा. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांची खोली, बेडरूमची भिंत, दाराची रुंदी, लिफ्टची उंची, सगळी मापं कागदावर लिहा. साडेसहा फुटी लोखंडी कपाट लिफ्टमध्ये उभं मावतं का, जिन्यातून वळतं का, हे आत्ताच कळलं पाहिजे, टेम्पो खाली उभा असताना नव्हे. नंतर जमिनीवर खडूने रेघा मारून इथे आईंची कॉट, इथे कपाट, इथे देव्हारा असं आखून त्यांना दाखवा. काय मावत नाही ते तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांनी स्वतः बघितलेलं बरं. आमच्याकडे सागवानी शोकेस आणि दिवाण यांच्यात निवड करायची वेळ आली, तेव्हा त्या रेघांकडे बघत सासूबाईच म्हणाल्या, शोकेस नको नेऊया.

आता भांडी. माळ्यावर सगळ्यात जास्त तीच असतात, आणि जीवही सगळ्यात जास्त त्यांच्यातच अडकलेला असतो. दुपारची जेवणं झाल्यावर पाच-सहाच भांडी खाली काढा आणि चिंच लावून घासा. काळपट थर निघाला की काठाखालची कोरलेली अक्षरं दिसायला लागतात: 'आत्याकडून सप्रेम भेट', आणि खाली लग्नाचं साल. आमच्याकडे एका गंगाळावर सासूबाईंच्या मामांचं नाव निघालं. ते मामा, त्यांचं गाव, लग्नात झालेला पाऊस, असं सगळं त्या सांगत बसल्या आणि दुपारभरात दुसरं काहीच झालं नाही. अशी दुपार फुकट गेली असं समजू नका. आठवण कोणीतरी नीट ऐकून घेतली की भांड्यावरची पकड आपोआप सैल होते, हे मी प्रत्येक घरात पाहिलंय. जमलं तर फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि नाव घातलेल्या भागाचा फोटो काढून ठेवा.

भांडं कोणाला द्यायचं हे ठरलं की त्या व्यक्तीचं नाव चिठ्ठीवर लिहून आत टाका आणि त्याच संध्याकाळी आईंकडूनच फोन करवा. 'हवंय का, जागा आहे का' हे मोकळेपणाने विचारू द्या. आपल्या माळ्यावरचं ओझं सुनेच्या माळ्यावर नेऊन ठेवण्यात काही अर्थ नाही. नकार आला तर पुढचं नाव. ज्याला द्यायचं त्याने पंधरा दिवसांत घेऊन जायचं, हेही फोनवरच सांगा. नाहीतर चिठ्ठ्या लावलेली भांडी तुमच्याकडेच राहतील.

मोठी पातेली, परात, झारे, पंचवीस-तीस ताटं यांच्यासाठी गावच्या देवळाला विचारा. उत्सवाला, समाराधनेला देवस्थानांना अशी भांडी लागतात. आमच्या दोन पातेल्यांत आता गावाला प्रसाद शिजतो, आणि भांड्यावरचं नाव तसंच राहिल्याने सासूबाईंना त्याचं फार बरं वाटतं. जातं आणि पाटा-वरवंटाही अंगणवाल्या घरातच शोभतो. तिसऱ्या मजल्यावरून तो दगड खाली उतरवायला दोन माणसं लागतील, एवढं ध्यानात ठेवा.

घरात काही पितळेची भांडी ठेवायची असतील तर जी खरोखर वापरात येतील तीच ठेवा आणि कल्हई करून घ्या. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, चिंच-कोकमाचं काही ठेवलं तर ते कळकतं, आणि ते पोटाला वाईट. कल्हईवाला दारावर येत नसेल तर पुण्यात तांबट आळीत, मुंबईत भुलेश्वर-तांबाकाट्याकडे भांड्यांच्या दुकानांत चौकशी करा. बाकीचं मोडीत घालताना तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, स्टील वेगळं करा, कारण तांब्याचा भाव पितळेपेक्षा जास्त असतो आणि एकत्र ढिगाला सगळ्यात कमी भाव लावतात. घरी आधी वजन करा, दोन ठिकाणी भाव विचारा. आणि आईंना न सांगता एक चमचाही विकू नका. एकदा तो विश्वास गेला की उरलेल्या प्रत्येक वस्तूवर त्या हात ठेवून बसतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

कपड्यांचं काम त्यामानाने लवकर होतं. धडके कपडे ज्यांना उपयोगी पडतील त्यांना द्या. गूंजसारख्या संस्था धुऊन-वाळवून दिलेले कपडे घेतात. विटके-फाटके कोणाला देऊ नका, त्यांची फडकी करा. बोहारीण अजून तुमच्या भागात येत असेल तर तिच्याशी घासाघीस करायचा आनंद आईंना घेऊ द्या, फक्त बदल्यात आणखी स्टीलचे डबे घरात येणार नाहीत एवढं बघा. जुन्या सुती नऊवारींची गोधडी शिवून घेता येते, म्हणजे दहा लुगड्यांची जागा एक गोधडी घेते आणि ती अंगावर वापरात राहते. जरीच्या जुन्या साड्यांना मात्र घाई नको. पूर्वीच्या जरीत चांदी असायची, जुन्या जरीच्या साड्या विकत घेणारे म्हणूनच दारोदार फिरतात. आधी सराफाला किंवा जाणकाराला दाखवा. ज्या ठेवायच्या त्या मलमलीत गुंडाळा, डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका आणि वर्षातून एक-दोनदा घड्या बदला.

पाहुण्यांसाठीच्या कापसाच्या गाद्या हा एक मोठाच ढीग असतो. भाड्याच्या घरात पाच गाद्या ठेवून तुम्ही चालणार कुठून? दोन ठेवा. बाकीच्या जवळच्या आश्रमशाळेला किंवा वृद्धाश्रमाला आधी फोन करून, हव्या असतील तरच द्या. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये बांधून ठेवल्यात तर बुरशी धरेल आणि मग त्या कोणाच्याच कामाच्या राहणार नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कागद. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी प्रत्येक फाइल, प्रत्येक ट्रंक, पंचांगं आणि जुन्या वह्यांची पानंसुद्धा उलटून बघा. माळ्यावरचा पिवळा पडलेला कागद कधी घरातल्या सगळ्या भांड्यांपेक्षा मोलाचा निघतो.

तुमच्या घरात कोणाला आरक्षणाचा लाभ मिळत असेल किंवा पुढे घ्यायचा असेल, तर आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूचे उतारे, जुने सातबारा, खरेदीखतं यांतलं काहीही जाऊ देऊ नका. महाराष्ट्रात जात पडताळणीला ठरावीक तारखेच्या आधीचे पुरावे लागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. नातवाच्या प्रवेशाच्या वेळी असा दाखला शोधत गावच्या शाळेत आणि तहसील कचेरीत खेटे घालणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. तो कागद घरातच असेल तर त्याची स्कॅन प्रत काढा आणि मूळ कागद जपून ठेवा.

दुसरं, वडिलांची गुंतवणूक. जुनी शेअर सर्टिफिकेटं सापडली तर ती रद्दी समजू नका. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, पण वारसांच्या नावावर होतात आणि मग डीमॅटमध्ये, म्हणजे शेअरच्या इलेक्ट्रॉनिक खात्यात, घेता येतात. सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नसेल तर असे शेअर सरकारच्या आयईपीएफकडे, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, वर्ग होतात. तिथूनही वारसाला दावा करता येतो. बँकेत दहा वर्षं पडून राहिलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तरी हक्क बुडत नाही; २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर अशा ठेवी शोधता येतात. एखादं जुनं पासबुक या शोधाला उपयोगी पडतं.

तिसरं, फ्लॅटची कागदपत्रं: मूळ ॲग्रीमेंट, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, वडिलांचा मृत्यूचा दाखला. वडिलांच्या जागी आईंचं नाव सोसायटीत लागलंय ना, हे बिल्डरशी करार होण्याआधी नक्की करा. ही पिशवी टेम्पोत चढवू नका, तुमच्या हातात राहू द्या. उरलेली विजेची बिलं, बंद झालेल्या खात्यांची चेकबुकं, संपलेल्या वॉरंट्या फाडून रद्दीत गेल्या तरी चालतील. आयकराची कागदपत्रं सात-आठ वर्षांची ठेवा.

पुस्तकांबद्दल थोडक्यात. वाचनालयं सरसकट घेत नाहीत, त्यांच्याकडेही जागेची ओरड आहे. म्हणून यादी करून आधी पाठवा, त्यांना हवं ते निवडू द्या. दिवाळी अंकांचे गठ्ठे असतील तर जुने, सलग वर्षांचे अंक वेगळे काढा. संग्रह करणारे आणि अभ्यासक ते शोधत असतात. उरलेली पुस्तकं शाळेला, जुन्या पुस्तकांच्या दुकानाला.

बंद पडलेला पिक्चर ट्यूबचा टीव्ही, मिक्सर, वायरी, मोबाइल हे भंगारवाल्याला देऊ नका. तांब्यासाठी वायरी जाळतात आणि तो धूर वस्तीतल्याच पोरांच्या छातीत जातो. ट्यूबच्या काचेत शिसं असतं. महापालिकेकडे किंवा कंपनीच्या दुकानात ई-कचरा कुठे घेतात ते विचारून तिथेच द्या. पुण्यात असता तर 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेला विचारा म्हटलं असतं.

फोटोंचे अल्बम आईंशिवाय आवरू नका. त्यातली निम्मी माणसं फक्त त्यांनाच ओळखता येतात. मागे पेन्सिलीने नावं लिहून घ्या, पेनाची शाई पुढच्या बाजूला उमटते. देव्हाऱ्यातले टाक आणि मूर्ती कोणाकडे जायच्या हे घरातल्या थोरांनी ठरवावं. फुटलेल्या तसबिरींची काच आणि चौकट वेगळी करून मगच कागदाचं काय ते करा.

आणि एक ट्रंक आईंसाठी सोडा. तिच्यात काय आहे ते विचारायचं नाही, उघडायची नाही, मोजायची नाही. वडिलांचा शर्ट असेल, चष्मा असेल, नुसत्या रिकाम्या डब्या असतील. ती कॉटखाली मावेल अशीच निवडा, म्हणजे नव्या घरातही ती त्यांच्या हाताशी राहील. ही एक जागा पूर्णपणे आपली आहे हे कळलं की बाकीच्या घराबद्दल त्या तुमच्याशी मोकळेपणी बोलतील.

शेवटी तुम्ही विचारलंय की उरलेलं सामान तीन वर्षं गोडाऊन भाड्याने घेऊन ठेवावं का. माझं मत, नको. करारात ३६ महिने लिहिलेले असले तरी ताबा लांबू शकतो आणि गोडाऊनचं भाडं मात्र दर महिन्याला जात राहतं. तिथे तीन पावसाळे काढून गाद्या, लाकूड, कागद चांगले राहतील याची खात्री नाही. शिवाय नव्या फ्लॅटचा नकाशा मागवून बघा, हल्ली बऱ्याच नकाशांत माळा नसतोच, म्हणजे हे सामान परत आणून ठेवणार कुठे? सागवानी कपाटासारखी एखादी खरी मोलाची वस्तू असेल तर ज्याच्याकडे जागा आहे अशा भावा-बहिणीकडे ठेवा, आणि त्यांनी ती वापरायची, असं आधीच ठरवून टाका.