अडीच वर्षांच्या मुलीला प्लेग्रुपमध्ये अजून लिहायला शिकवत नाहीत. शाळा बदलावी का?

नको, एवढ्याच कारणासाठी तर मुळीच बदलू नका. अडीच वर्षांच्या मुलीच्या हातात पेन्सिल न देणारी शाळा बरोबरच वागते आहे. मी बालवाडीत शिकवते. या वयात बोटं आणि मनगट लिहिण्याइतके तयार नसतात. ते तयार होतात कणकेचा गोळा दाबताना, जुना पेपर टराटरा फाडताना, एका वाटीतले राजमे चिमटीने दुसऱ्या वाटीत टाकताना (समोर बाई बसलेल्या हव्यातच, नाहीतर राजमा नाकात जातो). 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही 3 ते 8 वर्षं हा पायाभूत टप्पा धरतं आणि खेळातून शिकण्यावर भर देतं. पहिलीचं वय 6. घाई कशाची?

मात्र ‘लिहायला लावत नाहीत’ आणि ‘काहीच करत नाहीत’ यात फरक आहे. वर्ग चालू असताना एकदा डोकावून या. बाई मुलांशी गप्पा मारतात का, गाणी-गोष्टी होतात का, रडणाऱ्याला कुणी जवळ घेतं का, ते बघा. टीव्ही लावून सगळ्यांना रांगेत बसवलेलं दिसलं, तर खुशाल बदला.