वडिलांना (६८, इंदूर) अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा जुनाट आजार) आहे. स्टेरॉइड कमी केलं की शौचातून रक्त पडतं आणि पूर्वी टीबी झालेला. रक्त गाळण्याचा उपचार चालेल का?

चालू शकतो, अशा अडलेल्या रुग्णांसाठीच तो विचारात घेतात. पण खात्रीचा इलाज म्हणून नाही. मी डायलिसिस टेक्निशियन आहे, म्हणून आधी एक गैरसमज काढतो: हे डायलिसिस नव्हे. एका हातातून रक्त काढून सेल्युलोज ॲसिटेटच्या बारीक मण्यांनी भरलेल्या नळकांड्यातून फिरवतात आणि दुसऱ्या हातात परत सोडतात. आतड्याची सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशी मण्यांना चिकटून राहतात. साधारण तासाभराचं काम, बहुधा आठवड्यातून एकदा, पाच ते दहा वेळा. प्रतिकारशक्ती औषधांइतकी दबत नाही, म्हणून वय झालेल्या किंवा संसर्गाचा धोका असलेल्या रुग्णांना जपानमध्ये २००० पासून देतात. मात्र २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत खोट्या उपचाराच्या (पेशी न गाळता केलेल्या नुसत्या देखाव्याच्या) तुलनेत ठळक फरक दिसला नाही. शिवाय रक्त गोठू नये म्हणून सहसा हेपॅरिन द्यावं लागतं आणि वडिलांचं रक्त आधीच जातंय, तेव्हा हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. आणि पूर्वी टीबी झाला म्हणून बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग रोखणारी औषधं, ज्यांनी जुना टीबी उलटण्याची भीती असते) कायमचं बंद, असंही नसतं. पोटविकारतज्ज्ञांना वेडोलिझुमॅब या मुख्यतः आतड्यापुरतं काम करणाऱ्या बायोलॉजिकबद्दल जरूर विचारा. ताप आला, पोट फुगलं तर यातलं काहीच न बघता लगेच ॲडमिट करा.