चुंबकीय गोंगाट की चलबिचल?

प्रश्न असा आहे: अतिसंवाहक (अतिथंड केल्यावर विद्युत विरोध शून्य होणाऱ्या धातूच्या) क्युबिटवरच्या, म्हणजे क्वांटम संगणकाच्या मूळ घटकावरच्या लेखाचा अनुवाद करताना 'मॅग्नेटिक फ्लक्स नॉइज'साठी 'चुंबकीय प्रवाह गोंगाट' असे लिहिले, तर चालेल का?

चालणार नाही. अडचण दोन्ही शब्दांत आहे.

आधी 'प्रवाह'. अशा क्युबिटमध्ये अनेकदा 'स्क्विड' असते. स्क्विड म्हणजे अतिसंवाहक धातूचे कडे आणि त्यात दोन जोसेफसन सांधे, म्हणजे धातूच्या मधले अतिपातळ विसंवाहक थर. कड्याच्या धातूतून विद्युत प्रवाह फिरतो, तर मधल्या पोकळीतून चुंबकीय फ्लक्स (पोकळीतून जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचे एकूण माप) आरपार जातो. दोन्हींना प्रवाह म्हटले की 'प्रवाहामुळे प्रवाह बदलला' असली वाक्ये पदरी येतात. मराठी विज्ञानलेखनात फ्लक्ससाठी 'स्रोत' हा शब्दही आढळतो. ('स्रु' म्हणजे वाहणे, त्यावरून स्रोत, 'स्त्रोत' नव्हे.) व्युत्पत्ती चोख आहे, पण आजचा वाचक स्रोत म्हणजे उगम असेच समजतो. मग नॉइजला 'रव' म्हटले, तर तो कुठून येतो हे सांगताना 'स्रोतरवाचा स्रोत' लिहावे लागेल! 'अभिवाह' या घोळातून सुटतो. नुसते 'फ्लक्स' लिहिले तरी हरकत नाही. फक्त इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याला त्यावरून डाग देताना लावायची पेस्ट आठवेल, म्हणून पहिल्यांदा 'चुंबकीय' जोडावे.

आता 'गोंगाट'. त्यात मोठा आवाज आणि अनेक तोंडे आहेत. इथे दोन्ही नाहीत. फ्लक्स क्वांटम म्हणजे अतिसंवाहक कड्यातल्या फ्लक्सचे मूळ एकक, सुमारे २.०७ × १०⁻¹⁵ वेबर, आणि १ हर्ट्झपाशी मोजलेला नॉइज साधारणपणे त्याच्या काही दशलक्षांश इतका, दर वर्गमूळ हर्ट्झमागे. रेडिओवरची 'खरखर' जवळची वाटते, पण ती भरभर होते. फ्लक्स नॉइज 'वन बाय एफ' जातीचा आहे: वारंवारता दहापट कमी केली की त्याची शक्ती साधारण दहापट वाढते. म्हणजे त्रास देते ते हळूहळू सरकणे. आपल्याकडे मनाची चलबिचल होते, निर्णय ठरत नाही. अगदी तेच इथे फ्लक्सचे होते.

ही चलबिचल केवढी भोवते ते बघा. ट्यूनेबल ट्रान्समॉन म्हणजे फ्लक्सने वारंवारता बदलता येणारा क्युबिट. त्याची कमाल वारंवारता ५ गिगाहर्ट्झ धरा आणि कड्यात पाव फ्लक्स क्वांटम ठेवा. तिथे उतार, म्हणजे फ्लक्समागे वारंवारता बदलण्याचा दर, ढोबळ हिशेबाने एका फ्लक्स क्वांटममागे ६.६ गिगाहर्ट्झ पडतो. फ्लक्स एका क्वांटमच्या एक दशलक्षांशाने हलला तरी क्युबिट ६.६ किलोहर्ट्झने सरकतो आणि त्याची कला (फेज) विस्कटते. फ्लक्स शून्यावर ठेवला तर उतारही शून्य, म्हणून त्या जागेला 'स्वीट स्पॉट' म्हणतात. 'गोड जागा' असे भाषांतर कृपया नको, 'स्थिरबिंदू' म्हणावे.

तरीही पारिभाषिक शब्द म्हणून मी 'अभिवाह-रव' सुचवेन. 'चलबिचल' समजावण्यासाठी उत्तम, पण तिचे समास होत नाहीत. 'रव'चे सहज होतात: श्वेतरव, अल्परव, संकेत-रव गुणोत्तर. 'नीरव' तर आपण रोज वापरतोच.

अनुवादात आणखी एक जागा सांभाळा. 'बाहेरचा रव' असे सरसकट लिहू नका. वेलस्टूड, उर्बिना आणि क्लार्क यांनी १९८७मध्ये स्क्विडमध्ये १ केल्व्हिनखाली मोजलेला हा रव उपकरणाचा आकार वा धातू बदलूनही फारसा बदलला नाही. पुढच्या प्रयोगांनी बोट दाखवले ते धातूच्या पृष्ठभागावरच्या एकट्या इलेक्ट्रॉन-स्पिनांकडे, म्हणजे जोडीदार नसलेल्या इलेक्ट्रॉनांच्या सूक्ष्म चुंबकत्वाकडे. चिकटून बसलेले ऑक्सिजनचे रेणू त्यात ठळक संशयित ठरले. म्हणून म्यू-मेटल या चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचे कवच पृथ्वीचे आणि खोलीतले चुंबकीय क्षेत्र अडवते, पण हा रव चिपवरच असल्याने तो राहतोच. त्यासाठी पृष्ठभाग स्वच्छ करावा लागतो. आणि मोजणीत फ्लक्स एकदम पायरीसारखा उडी मारत असेल, तर तो बहुधा चिप थंड होताना धातूत अडकलेला चुंबकीय भोवरा (फ्लक्सचा एक बारीक झोत). अशा वेळी ॲल्युमिनियमची चिप १.२ केल्व्हिनच्या वर, म्हणजे तिची अतिसंवाहकता जाईल इतकी तापवून, कवच तपासून, पुन्हा थंड करतात. त्या उडीला 'रव' न म्हणता 'उडी'च म्हणावे.