जुलाबात टेट्रापॅकमधलं गोड ‘ओआरएस’ मुलाला दिलेलं चालतं का?

नको. म्हापसा असो की मडगाव, फार्मसीत ओआरएसची (जुलाबात गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणाऱ्या पावडरीची) पुडीच मागा आणि तिच्यावर डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) फॉर्म्युला लिहिलंय ना, ते वाचा. मोठी पुडी (सुमारे 21 ग्रॅम) एक लिटर पाण्यासाठी असते. त्यात ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6 ग्रॅम. गोड पेयांत साखर याहून खूप जास्त, ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. 2025च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयनं (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) अशा पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला मनाई केली, ते फार बरं झालं.

घोळ होतो तो मापात. अंदाजानं अर्धी पुडी पेल्यात ओतली की पाणी खारट होतं, मुलाच्या रक्तात मीठ वाढू शकतं. अख्खी पुडी उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात विरघळवा, 24 तासांनी उरलेलं फेका. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर 50 ते 100 मिली, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश.

आडसराच्या (कोवळ्या नारळाच्या) पाण्यात सोडियम कमी, नुसतं त्यावर भागत नाही. मीठ घातलेली पेज जोडीला चांगली.

शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, सुस्ती किंवा सहा तास लघवी नाही, तर थेट डॉक्टर गाठा.