वाहतूक आणि पायाभूत सुविधांवरील संशोधन हा केवळ स्थापत्य अभियंत्यांचाच प्रांत आहे का?

आपण विचारले आहे की, अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या आणि पुढे कोल्हापुरातच राहून पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला रस्ते, पूल, रेल्वे आणि बससेवा या विषयांवर संशोधन करता येईल का, की तिथे स्थापत्य अभियांत्रिकीची पदवीच लागते. मी कोल्हापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अनेक वर्षे स्थापत्य विभागात शिकवतो आहे. असे संशोधन नक्की करता येईल, हे माझे निःसंदिग्ध उत्तर आहे, कारण आमच्या शाखेला एकटीला न सुटलेले प्रश्न मी याच जिल्ह्यात पाहिले आहेत.

शिवाजी पुलाचेच पाहा. पंचगंगेवरचा हा दगडी कमानींचा पूल 1870 च्या दशकातला. त्याला पर्यायी पूल हवा, यावर कोणाचेही दुमत नव्हते आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते काम अवघडही नव्हते. तरीही नव्या पुलाचे काम अर्धवट अवस्थेत वर्षानुवर्षे अडून राहिले, कारण शेजारची ब्रह्मपुरीची टेकडी हे संरक्षित स्मारक आहे आणि 2010 च्या कायदादुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून 100 मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे. जानेवारी 2018 मध्ये जुन्या पुलाचा कठडा तोडून एक मिनीबस नदीत कोसळली आणि 13 माणसे गेली. तो दिवस आठवला की वाटते, पूल उभारणाऱ्याला कायदा आणि पुरातत्त्व यांची जाण असणे ही चैन नव्हे. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. याच टेकडीवर डेक्कन कॉलेजने 1945-46 मध्ये उत्खनन केले होते आणि इथे सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती आज टाऊन हॉल संग्रहालयात आहे. भूमध्य समुद्राकडची वस्तू घाट चढून पंचगंगेच्या काठी येते, याचा अर्थ बंदर, घाटवाट आणि बाजारपेठ यांची साखळी तेव्हाही जोडलेली होती. ज्या टेकडीपाशी पूल अडला, ती टेकडीच सुमारे 2 हजार वर्षांपूर्वीच्या वाहतुकीचा पुरावा आहे.

आता आपल्या विषयाकडे येतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने कोल्हापुरात हात घालावा असा माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रश्न ऊसवाहतुकीचा आहे. गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉली, ट्रक आणि बैलगाड्या रात्रंदिवस कारखान्यांकडे जात असतात. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात रस्त्यांची मोठी चाचणी झाली आणि तिच्यातून असा ढोबळ नियम मिळाला की, रस्त्याची झीज आसावरील भाराच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते. म्हणजे आसावर 20 टक्के भार जास्त पडला तर झीज जवळजवळ दुप्पट होते आणि भार दुप्पट झाला तर झीज 16 पट होते. इथवर मी सांगू शकतो. पण वाहतूकदार जादा ऊस का भरतो? त्याला मोबदला टनावर मिळतो, डिझेल आणि चालक यांचा खर्च मात्र खेपेवर होतो, म्हणून खेपा कमी करून प्रत्येक खेपेत अधिक माल नेणे त्याच्या दृष्टीने पूर्णपणे शहाणपणाचे ठरते. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून वजा होतो, रस्त्याची दुरुस्ती जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पैशातून होते आणि विना-रिफ्लेक्टर उभ्या असलेल्या ट्रॉलीला रात्री धडकणारा दुचाकीस्वार या हिशेबात कुठेच नसतो. लाभ एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा, ही गाठ डांबराचा थर वाढवून सुटत नाही. ती सोडवण्याची साधने आपल्या शास्त्राकडे आहेत.

माझाच एक अनुभव सांगतो. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, त्यामुळे जिल्ह्याच्या पूर्व भागात रस्त्याचा पाया टिकवणे कठीण जाते. माझ्या एका विद्यार्थ्याने या मातीत बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख मिसळून प्रयोगशाळेत चांगली ताकद मिळवली. परंतु ही राख कारखान्यापासून किती अंतरापर्यंत वाहून नेणे परवडेल, असे परीक्षकांनी विचारले तेव्हा आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हते. तो हिशेब पुढे वाणिज्य शाखेच्या एका सहकाऱ्याच्या मदतीने मांडला. त्यांना आरंभापासून सोबत घ्यायला हवे होते, ही चूक मी मान्य करतो.

अर्थशास्त्राने या क्षेत्रात केलेल्या कामाची उदाहरणे हवी असतील तर ती भक्कम आहेत. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी 1970 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को परिसरातील नव्या लोहमार्गावर किती टक्के लोक प्रवास करतील, याचा अंदाज 6.3 टक्के असा बांधला आणि प्रत्यक्षात तो आकडा 6.2 टक्के आला, तर अधिकृत अंदाज 15 टक्क्यांचा होता. माणसे उपलब्ध पर्यायांतून निवड कशी करतात, याच्या विश्लेषणाची त्यामागची पद्धत 2000 सालच्या नोबेल पारितोषिकास कारण ठरली. बिहारमध्ये 2006 पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दिलेल्या मदतीचा कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी केलेला अभ्यास तर आपण मुळातूनच वाचावा. मुलींचा माध्यमिक शाळेतील प्रवेश त्या योजनेमुळे 32 टक्क्यांनी वाढल्याचे त्यात दिसते. आपल्याकडे 17 मार्च 2023 पासून एस.टी.मध्ये महिलांना तिकिटात 50 टक्के सवलत मिळते. गगनबावडा किंवा चंदगडकडच्या बाईच्या मजुरीवर, दवाखान्याच्या फेऱ्यांवर आणि माहेरी जाण्यावर या सवलतीचा काय परिणाम झाला, हा प्रबंधाला पुरेल असा विषय आहे.

इतिहासाच्या अभ्यासकांसाठी 1891 मध्ये सुरू झालेला मिरज-कोल्हापूर लोहमार्ग, 1895 मध्ये वसलेली शाहूपुरीची बाजारपेठ आणि 1917 मध्ये याच मार्गावर उभे राहिलेले जयसिंगपूर, असा सलग धागा तयार आहे. भूगोल आणि जलशास्त्र यांच्यासाठी महापूर आहे. 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याने 43 फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिला आणि 2021 मध्ये तेच पुन्हा घडले. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी काढले जातात, पण त्याच बंधाऱ्यांवरून गावांची रोजची ये-जाही चालते. बंधारा बुडाला की किती गावांचा दवाखान्याचा रस्ता तुटतो, हा प्रश्न पाटबंधारे आणि वाहतूक यांच्या मधल्या जागेत वर्षानुवर्षे पडून आहे.

व्यवहाराचे दोन शब्द. नोंदणीपूर्वीच दुसऱ्या विभागातील सहमार्गदर्शक मिळू शकेल का, हे विद्यापीठाच्या नियमांत पाहून घ्या, कारण मध्येच असा बदल करणे फार त्रासाचे होते. 2011 च्या जनगणनेत कामावर जाण्याचे साधन आणि अंतर यांची माहिती गोळा झाली होती. ती जुनी असली तरी पायाभूत तुलनेसाठी उपयोगी पडते. आणि प्रस्ताव लिहायला बसण्यापूर्वी हंगाम सुरू झाल्यावर एक पूर्ण रात्र एखाद्या कारखान्याच्या वजनकाट्याजवळ थांबा, वाहने मोजा आणि चालकांशी बोला. किती खेपा झाल्या, किती तास रांगेत गेले आणि टनामागे हातात काय पडले, हे ते स्वतःहून सांगतात. आपल्या प्रश्नावलीची पहिली पाने तिथेच तयार होतील.