पोटातल्या बाळाला ‘बी’ कावीळ लागते का?

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. रक्तात हिपॅटायटिस बी निघालं. मला त्रास काहीच नाही. बाळाला पोटातच लागलं असेल का? (सांगली)

बहुधा नाही. वार (प्लासेंटा) या विषाणूला सहसा आत येऊ देत नाही. धोका असतो तो प्रसूतीच्या वेळी, बाळ आईच्या रक्ता-स्रावातून बाहेर येतं तेव्हा. आईची ‘ई अँटिजेन’ तपासणीही (विषाणू जोरात वाढतोय का हे दाखवणारी) पॉझिटिव्ह असेल आणि काहीच उपाय केला नाही, तर दहातल्या सात ते नऊ बाळांना लागण होते. तान्हेपणी झालेली लागण सुमारे 90 टक्के मुलांत कायमची मुक्कामाला राहते. मोठ्या माणसात हेच प्रमाण 5 टक्क्यांहून कमी.

म्हणून घड्याळ बघा. बाळाच्या एका मांडीत लस, अर्धा मिली, जन्मल्यापासून 24 तासांच्या आत. दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडं, शक्यतो 12 तासांच्या आत. हे दुसरं इंजेक्शन महाग असतं आणि ऐनवेळी शोधत फिरावं लागतं. आठव्या महिन्यातच दवाखान्यात विचारून ठेवा. विषाणूचं प्रमाण मोजणारी तपासणी मात्र आत्ताच करा. ते जास्त निघालं तर 28व्या आठवड्यापासून आईला टेनोफोविर ही विषाणू दाबणारी गोळी देतात. गळ्यात माळ घालून हे प्रमाण उतरत नाही.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, दीड महिन्याला लस मिळतेच, मग पहिल्याच दिवशी सुई कशाला?

दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंटमध्ये (पाच रोगांवरच्या एकत्र लशीत) ही लस असते, बरोबर. पण विषाणू दीड महिना थांबत नाही. सरकारी दवाखान्यात जन्मताच ही लस फुकट देतात. सासूबाईंना एवढंच सांगा.

प्रश्न : पॉझिटिव्ह नवरा आहे, मी निगेटिव्ह. दुसरा महिना आहे.

वडिलांकडून थेट गर्भाला जाईल ही भीती सोडा. पण त्यांच्याकडून तुम्हाला आणि तुमच्याकडून बाळाला, ही वाट उघडी आहे. गरोदरपणात लस चालते. आजच सुरू करा. डोस पूर्ण होईपर्यंत निरोध वापरा. रेझर, टूथब्रश, नेलकटर वेगळे. एका ताटात जेवायला हरकत नाही.

प्रश्न : सिझरच करावं का? अंगावर पाजू का?

केवळ यासाठी सिझर नको. पाजा, बिनधास्त. स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर तेवढे दिवस त्या बाजूने थांबा. बाळाची रक्ततपासणी नऊ महिन्यांनंतर करा; त्याआधी इम्युनोग्लोब्युलिनमुळे रिपोर्ट फसवा येऊ शकतो.