‘स्कँडल’मध्ये दाखवतात तसं क्रायसिस मॅनेजमेंट खरंच असतं का? मालिका बघावी का?

तुमचा दुसरा प्रश्न सोपा आहे: बघा, पण सगळी नको. पहिल्याचं उत्तर जरा लांबेल, कारण गेली अकरा वर्षं माझं पोट त्याच धंद्यावर, म्हणजे बदनामीच्या संकटात सापडलेल्यांची अब्रू सावरण्यावर चाललंय. अर्थात व्हाइट हाऊसच्या आसपास नाही, अंधेरीत.

या अमेरिकन मालिकेची नायिका, लोकांची लफडी निस्तरणारी ऑलिव्हिया पोप, हवेतून आलेली नाही. ज्यूडी स्मिथ नावाच्या बाई थोरल्या बुश यांच्या काळात व्हाइट हाऊसमध्ये उपप्रसिद्धी सचिव होत्या. पुढे त्यांनी स्वतःची फर्म काढली; क्लिंटन प्रकरणातली मोनिका लुइन्स्की त्यांची अशील होती. मालिका त्यांच्यावरून सुचली आणि निर्मितीतही त्या होत्या. ऑलिव्हियाचं राष्ट्राध्यक्षाशी प्रेमप्रकरण मात्र लेखिका शोंडा राइम्स यांच्या पदरचं.

आता खरं-खोटं. पहिल्याच भागात बागेतल्या बाकावरचा एक प्रसंग आहे (पुढच्या चार ओळींत थोडी गोष्ट फुटेल). अमांडा नावाची मुलगी म्हणत असते की राष्ट्राध्यक्षाचे माझ्याशी संबंध होते. राष्ट्राध्यक्षाच्या वतीने ऑलिव्हिया शेजारी येऊन बसते आणि अगदी थंडपणे त्या मुलीच्या खासगी आयुष्याची कुंडली तिच्यासमोर मांडते. तोंड उघडलंस तर हे सगळं बाहेर येईल, असा त्याचा अर्थ. मुलगी जीव द्यायला जाते आणि मग कळतं की ती खोटं बोलत नव्हती. आपल्या धंद्याचा असा चेहरा मी दुसऱ्या मालिकेत पाहिलेला नाही. अशील खोटं बोलतोय हे सगळ्यात शेवटी आम्हालाच कळतं, हे शंभर टक्के खरं.

बाकी आमच्याकडे धावाधाव कमी, शब्दांवरून भांडणं जास्त. एका खाऊच्या पाकिटात अळी निघाल्याचा व्हिडिओ फिरला, तेव्हा रात्री साडेअकरापर्यंत चार ओळींचं निवेदन अडलं होतं. मी ‘माफी’ लिहिलं. वकील म्हणाले, म्हणजे चूक कबूल केली! ‘खेद’ मालकांना मयताच्या बातमीसारखा वाटला. शेवटी ‘दिलगिरी’वर तडजोड झाली. तोवर व्हिडिओ माझ्या आईच्या भिशीच्या ग्रुपवर पोचला होता. ऑलिव्हियाला वकिलाच्या होकारासाठी ताटकळताना मी कधी पाहिलं नाही.

दुसऱ्या सीझनमध्ये ओहायोतल्या डिफायन्स गावच्या मतदान यंत्रांचं प्रकरण येतं, ते मस्त रंगलंय. त्यानंतर बी-६१३ ही गुप्त यंत्रणा सगळं गिळत जाते. अशील बाजूला पडतात, मुडदे पडायला लागतात, आणि नायिकेचा बाप जेव्हा तेव्हा देशाच्या सुरक्षिततेवर स्वगत म्हणतो. ती भूमिका करणाऱ्या ज्यो मॉर्टनला २०१४ साली एमी हे टीव्हीवरच्या कामाचं पारितोषिक मिळालं, ते मात्र योग्यच.

ऑलिव्हिया झालेल्या केरी वॉशिंग्टनसाठीही बघाच. अमेरिकेच्या मोठ्या वाहिनीवरच्या नाट्यमालिकेत कृष्णवर्णीय नायिका मुख्य भूमिकेत, हे १९७४ नंतर जवळपास चाळीस वर्षांनी घडत होतं.

पहिला सीझन सातच भागांचा आहे, एका शनिवार-रविवारात उरकतो. तो आणि दुसरा बघून थांबा. मी २०१८ च्या शेवटच्या भागापर्यंत, म्हणजे सगळे १२४ बघितले, पण मला ते ऑफिसच्या कामात धरता येतात.